आपल्या हातांचा तक्ता

८ जानेवारी २०२४, सोमवार. सांगली
हाताची पकड मोजायच्या आमच्या अभ्यासाला नैतिकता समितीचं मंजुरीपत्र आलं. मराठी संमतीपत्रात दोन दुरुस्त्या सुचवल्यात. 'केव्हाही माघार घेता येईल' हे वाक्य वर, ठळक अक्षरांत. आणि अंगठा देणाऱ्यांसाठी साक्षीदाराची ओळ. दोन्ही योग्य.

९ जानेवारी, मंगळवार
ओपीडीत द्राक्षबागेत काम करणाऱ्या काकू. वय ५२. उजवं मनगट मोडलं होतं, प्लास्टर परवा निघालं. मनगट ताठ, बोटांना सूज, मूठ पुरती मिटत नाही. उजव्याला अजून जोर लावू द्यायचा नाही. डाव्याची पकड मोजली. २०, १९, २० किलो.
त्यांच्या पिशवीत दुसरीकडचा कागद. त्यावर इंग्रजीत दोन्ही हात कमजोर असल्याचा शेरा. कुणीतरी त्यांना वाचून दाखवलाय. उजव्यापेक्षा डाव्याचीच धास्ती जास्त.
"पडले उजव्यावर. डाव्याला काय झालं ओ मॅडम?"
डावा पुन्हा नीट तपासला. सांधे मोकळे, नसा ठीक, स्नायू भरलेले. काही झालेलं नाही. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण कागदाची घडी पुन्हा जपून पिशवीत ठेवली.
असा शेरा ज्यावरून देतात तो पकडीचा तक्ता आमच्या भिंतीवरही आहे. बायका, ५० ते ५४, डावा हात ५७.३ पौंड. म्हणजे २६ किलो. काकूंची उंची १४६ सेंटिमीटर.

१० जानेवारी, रात्री
तक्त्याचा मूळ निबंध काढून वाचला. १९८५. मॅथिओवेट्झ आणि सहकारी. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या आसपासची माणसं, ३१० पुरुष आणि ३२८ बायका, वय २० ते ९४. बारा वयोगट. म्हणजे एका रकान्यात जेमतेम सव्वीस-सत्तावीस जण.
बायकांचा उजवा हात: ४५ ते ४९ वयाला ६२.२ पौंड. ५० ते ५४ ला ६५.८. लगेच पुढच्या गटाला ५७.३. पन्नाशी ओलांडल्यावर ताकद वाढते आणि पाच वर्षांत कोसळते, असं कुठल्याच शरीरात होत नाही. रकान्यात माणसं थोडी, म्हणून आकडा वरखाली.
काम मात्र चोख आहे. कसं बसवलं, काय बोलले, किती वेळा मोजलं, सगळं लिहिलंय. तसंच्या तसं आज इथं करता येईल. त्यांनी त्यांच्या गावच्या रुग्णांसाठी केलं. आमच्या गावच्या रुग्णांसाठी आम्ही करायला हवं होतं.

१२ जानेवारी, शुक्रवार
पकड मोजायच्या यंत्रांची तपासणी. आपलं जॅमर हायड्रॉलिक, आणि दुसऱ्या विभागाकडून मागून आणलेलं तसलंच एक. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या अडत्याकडून शिक्क्याची वजनं आणली. यंत्र स्टँडला आवळून दांडीला पट्ट्यानं वजन टांगायचं. १०, २०, ३०, ४०.
आपलं बरोबर दाखवतं. मागून आणलेलं कमी. वजन वाढेल तशी तूट वाढते. आतलं तेल गळत असणार. सीलबंद डब्यात तेल, त्यावर दाब, दाबाचा काटा. एवढंच यंत्र, पण गळती बाहेरून दिसत नाही.
ते परत केलं, चिठ्ठी लावून. सगळी मोजणी एकाच यंत्रावर. वेळ दुप्पट जाईल. जाऊ दे.

१५ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाची बोलावणी येतायत. यंत्र घेऊन येऊ का, असं विचारलंय.

१८ जानेवारी, गुरुवार
पद्धत ठरली. अमेरिकेतल्या हँड थेरपिस्टांच्या संघटनेची. खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. खांदा अंगालगत. कोपर काटकोनात, कशालाही न टेकलेलं. अंगठा वर. मनगट किंचित मागे. दांडी पाचांपैकी दुसऱ्या खाचेत. प्रत्येक हात तीन वेळा, मध्ये विश्रांती, तिन्हींची सरासरी.
इंग्लंडात साउदॅम्प्टनची पद्धत चालते. तिथं हात खुर्चीच्या दांडीवर टेकवलेला, आणि सगळ्या प्रयत्नांतला मोठ्यात मोठा आकडा घेतात. एकाच माणसाचे दोन पद्धतींनी दोन आकडे. एका पद्धतीनं मोजून दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यात बघणं चालायचं नाही. पण सर्रास चालतं.
प्लास्टिकच्या खुर्च्यांना हात असतात. गावोगाव त्याच मिळणार. ओळखीच्या शाळेतून बिनहाताची लाकडी खुर्ची मागून घेतली. ती जीपमध्ये कायम.
सूचना सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच आवाजात. "जमेल तेवढ्या जोरानं आवळा. आवळा, आवळा, आवळा. सोडा." इंटर्नचा आवाज मऊ, माझा चढा. ओरडून सांगितलं की आकडा वाढतो, हे मोजलेलं आहे. संध्याकाळी दोघींनी बसून आवाज जुळवले.

२३ जानेवारी, मंगळवार
आमच्या वरिष्ठ सरांशी बोलणं. त्यांचं म्हणणं, कॉलेजात मुलंमुली आहेत, निरोगी आहेत, हाताशी आहेत. लवकर संपेल.
खरं आहे. म्हणूनच ठिकठिकाणच्या अशा कामांत विशीचे रकाने भरगच्च आणि पुढचे ओस. माझ्या ओपीडीत मनगट मोडून येतात त्या पन्नाशीच्या, साठीच्या बायका. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेल्या. त्यांचा आकडा वसतिगृहात सापडणार नाही.
हे सगळं सरांना म्हटलं. ते बराच वेळ गप्प. मग बाजार समितीसाठी पत्र स्वतः लिहून दिलं. बरं वाटलं.

२७ जानेवारी, शनिवार
हळदीकुंकू, विश्रामबागेतल्या एका घरी. वाण घेतलं की खुर्चीत. बायकांना मजा वाटली.
बांगड्या घसरून यंत्रावर येतात. काढायला सांगायचं नाही, वर सरकवून रुमाल बांधायचा. अंगठ्या रुतत असतील तरच काढायच्या.
एक सून, वय २९. उजवा १८, १७, १८. दंड भरलेले, उंची चांगली. सासूबाई समोर सोफ्यावर. नंतर आत मला पाणी देताना ती म्हणाली, "पूर्ण जोर लावला असता तर बरं दिसलं नसतं." स्वयंपाकघरात पुन्हा मोजायचा मोह झाला. नियमात बसत नाही. नोंदपत्रकावर 'इतरांसमोर' अशी खूण केली आणि ती नोंद बाजूला ठेवली.
पुढच्या वेळेपासून आडोसा. काटा मोजणाऱ्याकडे वळलेला, मोजून घेणाऱ्याला दिसायचा नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार
मार्केट यार्ड. हळदीचा हंगाम सुरू होतोय. हमाल सकाळी कामाला लागायच्या आत गाठले. दिवसभर पोती उचलल्यावर मोजलेला आकडा थकव्याचा असतो.
दांडी हलत नाही, याचं सगळ्यांना नवल. व्यायामशाळेतलं स्प्रिंगचं यंत्र मिटतं, हे मिटत नाही. "बिघडलंय की हे," असं म्हणून सोडून देतात. आता आधीच सांगते, ही दांडी हलणार नाही, तरी आवळत राहा.
तळहातांना घट्टे, त्यामुळे दांडीची धातूची धार टोचत नाही त्यांना. कॉलेजच्या मुलांना टोचते. हाही फरक आकड्यात येत असणार.
एक मामा, पन्नाशीचे. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नाहीत, यंत्रात गेलेली, लहानपणी. रोज पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतात. आमच्या निकषांत हाताची जुनी इजा म्हणजे वगळणं. तसं सांगितल्यावर म्हणाले, "घ्या की. ह्या हातानंच घर चालवलंय." त्यांचे दोन्ही हात मोजले, वेगळ्या कागदावर लिहिले. तक्त्यात जाणार नाहीत. पण त्यांना मोजल्याशिवाय उठवणं माझ्यानं झालं नाही.

८ फेब्रुवारी
उजवा की डावखुरा, हे कसं ठरवायचं? छापील प्रश्न: कोणत्या हातानं लिहिता? सहीच्या जागी अंगठा दिलेल्या आजींना हा प्रश्न विचारायचा नाही. खुरपं कोणत्या हातात? दगड कोणत्या हातानं मारता? भाकरी कोणत्या हातानं थापता? जेवणाचा हात विचारून उपयोग नाही, डावखुऱ्यांनाही उजव्यानं जेवायला लावलेलं असतं.
बेख्टॉल नावाच्या अस्थिरोग शल्यविशारदानं १९५४ साली खाचा बदलता येणाऱ्या दांडीच्या यंत्रावर लिहिलं. वापरातला हात सुमारे दहा टक्क्यांनी जोरकस, हा ठोकताळा तेव्हापासूनचा. उजव्या लोकांना बराचसा लागू पडतो. डावखुऱ्यांचे दोन्ही हात जवळपास सारखे निघतात. दारं, कात्र्या, यंत्रं, सगळं उजव्यांसाठी केलेलं, त्यांचा उजवाही राबतोच.

१४ फेब्रुवारी, रात्री
या मोजणीचा मागचा इतिहास वाचतेय. १७९८ च्या सुमारास पॅरिसच्या रेनिएनं पहिलं नावाजलेलं शक्तिमापक केलं. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टननं मोजणीची प्रयोगशाळा थाटली. लोक तीन पेन्स देऊन आत जायचे. उंची, वजन, नजर, श्वास, मुठीचा जोर. ९,३३७ माणसं मोजली.
एवढी माणसं मोजून गाल्टन कुठं गेला? माणसांची प्रत लावण्याकडे. कुणाची संतती वाढावी, कुणाची नको. सुप्रजननशास्त्र हा शब्द त्याचाच.
झोप लागली नाही. आकडा तोच असतो. काकूंच्या कागदावरचा 'कमजोर' आणि हमाल मामांना माझ्या निकषानं वगळणं. यातलं काय कुठं नेतं, यावर डोळा ठेवायला हवा.

१६ फेब्रुवारी
रथसप्तमी. हळदीकुंकवाचा हंगाम संपला. तिशी-चाळिशीच्या बायकांचे रकाने भरले.

२० फेब्रुवारी, मंगळवार
काकू. उजवा पहिल्यांदा यंत्रावर. ९, ८, ९. डावा २१. उजव्याचा आकडा सांगितला तर त्या हसल्या. "तो तर मोडलेलाच हाय. डाव्याचं सांगा."
एप्रिलात खरड छाटणी. टोळीतल्या बायका आधीच ठरतात. नाव द्यायचं का, विचारत होत्या. एक महिन्यानं सांगते म्हटलं.

२८ फेब्रुवारी
तालमीतली मुलं घोळक्यानं आली. वस्तादांनी पाठवलेली. चुरस लागली. साठ किलोच्या वर आकडे. सर खूश.
चौघांचे घेतले, बाकीच्यांना चहा दिला. विशीच्या रकान्यात सगळे पैलवान बसले तर बँकेतल्या कारकुनाचा बरा झालेला हातही आजारी ठरेल. शेतात किती, कार्यालयात किती, दुकानात किती, घरात किती, याचं प्रमाण आधी ठरवलंय. त्याच्या बाहेर जायचं नाही. मुलं हिरमुसली. वस्तादांना फोन करून समजावलं. त्यांना पटलं.

८ मार्च
महाशिवरात्र. आज मोजणी नाही. उपासाच्या दिवशीचे आकडे नकोत.

१३ मार्च, बुधवार. मिरज
सतारमेकर गल्ली. रमजान कालच सुरू झालाय. सगळे रोजाचे. ईदनंतर येते म्हणून सांगितलं. तरी बसवून घेतलं, काम दाखवलं. तुणीचं लाकूड, पंढरपूरकडून आलेले भोपळे. पटाशी धरणारा हात आणि तार कसणारा हात.

१९ मार्च, मंगळवार
साठीच्या पुढच्या बायका मिळत नाहीत. येतात, पण आमच्या यादीतून गळतात. साखर, रक्तदाब, थायरॉइड, गुडघे, मान.
निकष पुन्हा वाचले. मधुमेह वगळायलाच हवा, नसांवर परिणाम होतो. मानेतून हाताला कळ जात असेल तर वगळायला हवं. पण गोळीनं ताब्यात असलेला रक्तदाब? गुडघेदुखी? हातानं आवळायला गुडघा लागत नाही. या वयात एकही गोळी न घेणारी बाई म्हणजे बऱ्याचदा कधी डॉक्टरकडे न गेलेली बाई. ती निरोगीच असेल असं नाही.
दुरुस्ती समितीकडे पाठवली. उत्तर येईपर्यंत जुनेच निकष.
मुंबईतल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभर केलेल्या वृद्धत्वाच्या पाहणीत ४५ च्या पुढच्या, जोडीदार धरून ७२ हजारांहून जास्त लोकांना तपासलं, त्यात पकडही मोजली. २०१७-१८. यंत्र स्प्रिंगचं, स्मेडली. त्यांचे आकडे आमच्या यंत्राला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना मोजता येतं, हे त्यांनी दाखवलंय.

२ एप्रिल, मंगळवार
काकू. उजवा १५. डावा २१. उजव्या हाताच्या माणसाचा उजवा डाव्याहून थोडा वर हवा, म्हणजे २३ च्या आसपास. दोन तृतीयांश आलंय. चांगली प्रगती.
त्यांनी घरी कात्री धरून बघितली. बारीक काडी तुटते, जाड तुटत नाही. छाटणी नको, बांधणीच्या कामाला जा म्हटलं. मजुरी कमी पडते. चेहरा उतरला. मलाही सांगताना जड गेलं. जाड काडीवर जोर लावताना मनगट दुखावलं तर पूर्ण हंगाम जाईल.
जाता जाता म्हणाल्या, "आमच्या टोळीतल्या बायका मोजायच्या का? मी आणते."

९ एप्रिल
पाडवा. समितीची मंजुरी कालच आली. रक्तदाब, गुडघे आत.

१६ एप्रिल, मंगळवार. मिरज
ईद झाली. सतारमेकर गल्लीत शिरकुर्मा आणि मोजणी. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, गल्लीत तोच विषय.
सत्तरीतले एक कारागीर. उजवा ३२, ३२, ३२. तिन्ही वेळा तोच आकडा. इंटर्ननं काटा ठोकून बघितला. बिघाड नाही. पुन्हा पुन्हा नेमका तेवढाच जोर लावणं हा त्यांचा रोजचा धंदा.
मुलगा शेजारी. बापापेक्षा जोर जास्त, पण तिन्ही आकडे लांब लांब.

२४ एप्रिल, बुधवार. तासगावकडची बाग
सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. काकूंनी बायका आणल्या. खुर्ची त्यांनीच सावलीत मांडली. "पाय खाली टेक. कोपर लांब न्हेऊ नको. मॅडम म्हणतील तवा आवळ." माझ्या इंटर्नपेक्षा नीट बसवतात.
नोंदपत्रकावरचा प्रश्न: गेल्या तीन महिन्यांत हात दुखला का?
पहिली: नाही. दुसरी: नाही. तिसरी अंगठ्याच्या मुळाशी चोळत होती. दुखतं का? "दुखतं. पर सगळ्यांचंच दुखतं की." मग पहिल्या दोघीही हसल्या. त्यांचंही दुखतं. विरळणीच्या दिवसांत घडातले मणी कातरताना अंगठा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. रात्री मुंग्या येतात. हात झटकून झोपतात.
रात्री मुंग्या येऊन हात झटकणं म्हणजे मनगटातली नस दबण्याची खूण. चौघींना ओपीडीत बोलावलं. तक्त्यातून वगळलं.
संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त बायका गळाल्या.

२५ एप्रिल
कालचंच डोक्यात. दुखणाऱ्या बायका ठेवल्या तर तक्ता निरोगी हातांचा राहत नाही. काढल्या तर बागेतल्या बायकांचा तक्ता ज्यांचं नशीब बरं अशा थोड्याजणींचा होतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, बागेत सगळं छान आहे.
काढायच्याच. पण तक्त्याखाली छापायचं. कोणत्या कामातल्या किती जणी आल्या, किती गळाल्या, कशानं गळाल्या. वेगळं परिशिष्ट नको, त्याच पानावर. सरांना फोन केला. ते म्हणाले, जागा होणार नाही. मी म्हटलं, जागा करू.

८ मे, बुधवार
काल सांगलीचं मतदान. आज ज्यांचे डावे हात मोजले त्या सगळ्यांच्या तर्जनीला शाई.

१७ मे, शुक्रवार
काकूंच्या मुलीनं मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला. मूठ किती घट्ट त्यावर आयुष्य किती. घाबरलेली. "आईचं २१ आहे, म्हणजे?"
मूळ काम खरं आहे. २०१५, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक. सतरा देश, भारतही त्यात, सुमारे १ लाख ४० हजार माणसं. पकड पाच किलोंनी कमी असली की मृत्यूचा धोका सरासरीनं सोळा टक्के जास्त आढळला. पण तो मोठ्या समूहाचा हिशेब. मूठ कमजोर म्हणून माणूस मरत नाही. आजार, उपासमार, बसून राहणं, वय, या सगळ्यांची छाया मुठीवर पडते. आणि धोका ठरवताना उंची-वय सोडून नुसता आकडा धरता येत नाही.
आशियातल्या तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये स्नायू झिजण्याच्या निदानासाठी सीमा ठरवल्या. पुरुष २८ च्या खाली, बायका १८ च्या खाली. आईचा डावा २१, हे मुलीला कागदावर लिहून दिलं, मराठीत, सहीसकट. पिशवीतला जुना कागद मागून घेतला. त्यांनी दिला.

२८ मे, मंगळवार
आकडे रचून बघितले. अजून निष्कर्ष म्हणायचे नाहीत. पण दोघांचेही, बायकांचे आणि पुरुषांचे, भिंतीवरच्या तक्त्याच्या खाली पडतात. उंचीप्रमाणे मांडले की अंतर कमी होतं, मिटत नाही.
नवल नाही. लॅन्सेटवाल्याच गटानं २०१६ मध्ये एकवीस देशांतल्या १,२५,४६२ निरोगी लोकांचे आकडे छापले, ३५ ते ७० वयाचे. युरोप-उत्तर अमेरिकेचे सगळ्यांत वर. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया आणि आफ्रिका सगळ्यांत खाली.
सरांनी आज जे विचारलं ते मी टाळत होते. "आपण तक्ता खाली आणला की काकूंचा २० नॉर्मल ठरतो. पण त्यांच्या आईला गरोदरपणी पोटभर मिळालं नसेल. त्यांनाही लहानपणी दूध-अंडं मिळालं नसेल. म्हणून उंची १४६, म्हणून २०. कुपोषणाला आपण नॉर्मल म्हणून शिक्का मारतोय का?"
उत्तर देता आलं नाही.

३० मे, गुरुवार
दोन दिवस तेच. आज सरांना लिहून दिलं.
मोडलेलं मनगट घेऊन आलेल्या बाईला मला एवढंच सांगायचंय, हात मोडायच्या आधी होता तिथं पोचला का. त्यासाठी तिच्यासारख्याच बायकांचा तक्ता लागतो. मिलवॉकीचा लावला तर ती कधीच बरी होत नाही. तिचे व्यायाम उगाच लांबतात, रोजगार बुडतो, धड हातालाही ती आजारी समजते. अपंगत्वाचा दाखला ठरवतानाही हाच घोळ. धड हात आधीच कमी धरला की इजेचं नुकसान किती हे चुकतं.
पण सरांचा प्रश्न उरतोच, आणि तो उरावा. आमचा आकडा हा इथल्या माणसांना मिळालेल्या अन्नाचा, कामाचा, आजारांचा आकडा आहे. त्यांना याहून जास्त मिळालं असतं तर तो काय झाला असता, हे तो सांगत नाही. म्हणून शीर्षक ठरलं: 'सांगली-मिरज भागातील निरोगी प्रौढांची पकड'. 'भारतीयांची' नाही. उंची आणि वजन प्रत्येक रकान्यात छापायचं. वीस वर्षांनी कुणी पुन्हा मोजेल. इथल्या मुली तोवर उंच झाल्या असतील तर हा तक्ता भिंतीवरून काढून टाकावा, हे वाक्यही घालायचं.
सरांनी वाचलं. एक शब्द बदलला. ठेवू म्हणाले.

३ जून
छपाईसाठी मसुदा. वगळलेल्यांचा रकाना त्याच पानावर बसला.

७ जून, शुक्रवार
काकू. उजवा २०, १९, २०. डावा २१. छाटणी चुकली, पण आता सगळी कामं करतात. मनगट अजून टोकाला थोडं अडतं. महिन्यातून एकदा या म्हटलं. टोळीतल्या दोघींना रात्रीसाठी मनगटाची पट्टी दिली, मुंग्या कमी झाल्यात. एकीला शस्त्रक्रिया लागेल.

११ जून, मंगळवार
सगळे रकाने भरले, एक सोडून. साठीच्या पुढच्या बायका अजून अपुऱ्या. रकान्यात माणसं थोडी असली की आकडा वरखाली होतो, आणि मनगट मोडून सगळ्यांत जास्त येतात त्या याच. हा रकाना असाच छापायचा नाही.
महिला मंडळांसाठी सूचना लिहून दिली:
'आपल्या घरी साठीच्या पुढची आई, सासू, आजी, मावशी असेल आणि तिच्या हाताला इजा किंवा मधुमेह नसेल, तर तिला मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी ओपीडीत घेऊन या. रक्तदाबाची गोळी चालू असली तरी चालेल. सुई नाही, रक्त घ्यायचं नाही, पैसे नाहीत. दोन्ही हात मोजायला पंधरा मिनिटं लागतात. येणं जमत नसेल तर पत्ता कळवा, खुर्ची घेऊन आम्ही येतो.'